लोकवन गव्हात फिरलो तर पॅन्ट केशरी झाली, तांबेरा आहे का? फवारू की सोडून देऊ?

द्राक्षमळा_पिंपळगाव
२७ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. माझा मेन धंदा द्राक्षाचा, गहू आपला घरच्यापुरता दीड एकर, त्यामुळे गव्हातलं मला फार कळतं असं नाही हे आधीच कबूल करतो. सोयाबीन निघून रान तयार व्हायला उशीर झाला आणि २२ नोव्हेंबरला पेरलाय, घरचंच लोकवन, चार वर्षं झाली तेच बी धरतोय. आज ६६ दिवस झाले, निम्मा पोटरीत आहे (ओंबी अजून पानाच्या वेष्टनात) आणि निम्मा निसवायला लागलाय, म्हणजे ओंबी बाहेर पडतेय. परवापर्यंत असा काळाभोर होता की येणारे जाणारे गाडी थांबवून बघायचे. मग मागच्या आठवड्यात चार दिवस ढगाळ, एक दिवस बारीक शिंतोडे आणि सकाळी धुकं एवढं की बांधावरून विहीर दिसेना.

काल पाण्याचं बारं द्यायला आत गेलो, तासाभराने बाहेर आलो तर पांढरी पॅन्ट गुडघ्यापर्यंत केशरी. मला वाटलं वाटेतली वीटभट्टी, पण त्या रस्त्याने मी गेलोच नव्हतो. घरी बायको म्हणाली एवढा गेरू कुठे फासून आलात, आता तुम्हीच धुवा.

विहिरीकडच्या कोपऱ्यात खालची पानं पिवळी पडलीत. काही पानांवर बारीक केशरी ठिपके आहेत, काहींवर तपकिरी लांबट डाग आणि पान टोकाकडून वाळतंय. हा तांबेराच का? फवारायचं का आणि काय? बागेतलं उरलेलं एम-४५ (मँकोझेब) अर्धी पिशवी आहे, हेक्झाची (हेक्झाकोनॅझोल) बाटली आहे, ही बुरशीनाशकं चालतील का? एका दुकानात फोटो दाखवला तर भाऊने बुरशीनाशक, कीटकनाशक, टॉनिक आणि स्टिकर असा चार बाटल्यांचा सेटच काउंटरवर मांडला, बिल ऐकलं आणि मोबाईल वाजल्यासारखं करून बाहेर आलो.

निळापंप
२७ जानेवारी, रात्री १०:०५

खालची पानं पिवळी म्हणजे युरिया कमी पडला दादा. एकरी एक गोणी पाण्याबरोबर द्या, चार दिवसात हिरवागार.

कुंदेवाडी_शेजारी
२७ जानेवारी, रात्री ११:२०

युरिया अजिबात नका टाकू हो. काळाभोर गहू म्हणजेच नत्र आधीच जास्त झालंय, तुम्हा बागाईतदारांचा हात खताला सैल असतो हे माहीत आहे आम्हाला 😀. गहू दाट झाला, माजला की आत हवा खेळत नाही, दव दुपारपर्यंत पानावर राहतं आणि तांबेऱ्याला तेच पाहिजे असतं. शिवाय निसवल्यावर युरिया देऊन फुटवे काही वाढणार नाहीत, वारं सुटलं की लोळेल तेवढा.

आता आधी ओळख पटवा. सकाळी दव वाळल्यावर जा, पांढरा रुमाल घ्या, ठिपके असलेलं पान चिमटीत धरून रुमालावर ओढा. हळदकुंकू मिसळल्यासारखी केशरी रेघ उठली तर तांबेरा. रुमाल कोराच राहिला आणि नुसते तपकिरी डाग असतील तर तो करपा, त्याची पावडर हाताला लागत नाही. करप्याचा डाग खालच्या जुन्या पानावर सुरू होतो, कडेला पिवळी झाक असते, मग डाग एकमेकात मिसळून पान टोकाकडून जळाल्यासारखं होतं. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे दोन्ही दिसतंय, ढगाळ हवेत तसं होतं. पान चिकट लागत असेल आणि वर काळी बुरशी असेल तर तो मावा, ते प्रकरण वेगळं.

तांबेऱ्यातही बघा कुठला. पानावर गोल, विखुरलेले, नारिंगी तपकिरी ठिपके असले तर पानावरचा तपकिरी तांबेरा, आपल्याकडे बहुतेक हाच असतो, थंडी थोडी कमी होऊन दिवसा वीस बावीस डिग्री आणि रात्रभर दव असं झालं की तो पसरतो. खोडावर आणि पानाच्या देठाच्या वेष्टनावर लांबट, विटकरी, साल फाडून वर आलेले फोड असतील तर तो काळा तांबेरा म्हणजे खोडाचा, त्याला अजून ऊब लागते म्हणून फेब्रुवारीत डोकं काढतो आणि तो जास्त वाईट. पिवळा तांबेरा, पानावर शिवणयंत्राची टीप मारल्यासारख्या सरळ रेघा, तो पंजाब हरियाणाकडचा. आपल्याकडे तो नाही, म्हणून यूट्यूबवरचे तिकडचे व्हिडिओ बघून घाबरू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वरचं शेवटचं पान बघा, ओंबीच्या लगेच खालचं. दाणा भरायचं मोठं काम तेच करतं. ते स्वच्छ आहे का आणि शेतात पाच ठिकाणी दहा दहा झाडं बघून किती झाडांवर ठिपके आहेत ते मोजून उद्या सांगा, मग औषधाचं बोलू.

(टीव्हीवर दर थंडीत निफाडचा पारा एवढ्यावर उतरला म्हणून सांगतात ना, तो आमच्या शेजारच्या गहू संशोधन केंद्रातलाच असतो. आम्ही कुडकुडतो आणि गव्हाला मजा येते.)

द्राक्षमळा_पिंपळगाव
२८ जानेवारी, सकाळी ११:१५

केलं दादा. रुमाल केशरी झाला, एकदम स्पष्ट रेघ. विहिरीच्या कोपऱ्यात दहातली सहा सात झाडं, बाकी शेतात दहात एक दोन. ठिपके खालून दुसऱ्या तिसऱ्या पानापर्यंत आलेत, वरचं पान अजून स्वच्छ आहे, विहिरीकडे चार दोन झाडांच्या वरच्या पानावर एखादा ठिपका. खोडावर काही नाही. मावा थोडा आहे पण तो खाणारे ढालकिडेही भरपूर दिसले.

सिन्नर_पाटपाणी
२८ जानेवारी, दुपारी १:०२

मी जरा उलटं बोलतो. घरच्यापुरता दीड एकर आहे, एवढं काय त्यात. मी मागे असाच केशरी रंग बघून घाईघाईने फवारलं, पण तेव्हा माझा गहू हुरड्यात होता, दाणा दाबला तर पीठ निघायचं. औषध गेलं, मजुरी गेली, पाय फिरून गहू मोडला तो वेगळाच आणि शेजारच्याने काहीच केलं नाही त्याचा माझ्याएवढाच झाला. दाणा पक्का व्हायला लागला की पानाचं काम संपत आलेलं असतं, मग पान केशरी होवो नाहीतर जांभळं. त्यामुळे दुकानात जायच्या आधी ओंबी चिमटीत धरून बघा. आणि काढणीच्या किती दिवस आधी फवारणी बंद करायची ते बाटलीवर लिहिलेलं असतं तेही बघा, घरचीच पोरं खाणार आहेत.

कुंदेवाडी_शेजारी
२८ जानेवारी, दुपारी २:३०

सिन्नरकर बरोबर बोलतायत, हुरड्यात असता तर मीही गप्प बसा म्हणालो असतो. पण यांचा गहू आत्ता निसवतोय, दाणा भरायला अजून महिना आहे, वाण लोकवन आहे जो तांबेऱ्याला लगेच बळी पडतो, पेरणी उशिराची आहे आणि वरचं पान अजून वाचलेलं आहे. फवारणीचा पैसा वसूल होतो तो नेमका ह्याच वेळी. एक ठिपका फुटला की आठ दहा दिवसात त्याची पुढची पिढी तयार, म्हणजे आता दहात दोन झाडं आहेत ती फेब्रुवारीच्या मध्यात सगळीच असणार.

औषध साधं घ्या, प्रोपिकोनॅझोल २५ टक्के ईसी, टिल्ट म्हणून मिळतं, इतर कंपन्यांचंही तेच असतं. लिटरला १ मिली. एकराला २०० लिटर पाणी धरा म्हणजे २०० मिली, तुम्हाला दीड एकराला ३०० मिली. १५ लिटरच्या पंपाने फवारणार असाल तर एकराला तेरा चौदा पंप बसायला पाहिजेत. लोक सहा पंपात एकर उरकतात आणि मग म्हणतात औषधात दम नाही. टॉनिकची गरज नाही, कीटकनाशकाची पण नाही, ढालकिडे आहेत ना कामाला, उगाच त्यांना मारू नका.

एम-४५ बद्दल. मँकोझेब गव्हात चालतं, लिटरला अडीच ग्रॅम, करप्यालाही बरं. पण ते पानाच्या वर बसून राखण करणारं आहे, आत शिरलेल्या बुरशीला काही करत नाही. तुमच्याकडे बुरशी आत शिरलीये म्हणून आता आंतरप्रवाही पाहिजे. हेक्झाच्या बाटलीवर गहू लिहिलेला असेल तर वापरा, नसेल तर बागेतच राहू द्या.

आणि एक, आंतरप्रवाही म्हटलं तरी ते पानात देठाकडून टोकाकडे चढतं, ह्या पानातून त्या पानात उडी मारत नाही. खालच्या पानावर मारून वरचं वाचेल असं होत नाही, वरचं पान ओलं झालंच पाहिजे. जुने ठिपके पुसले जाणार नाहीत हे पण लक्षात ठेवा, नाहीतर पाचव्या दिवशी फोन कराल की काही फरक नाही. फरक वरच्या स्वच्छ पानावर शोधायचा.

काळी_माती
२८ जानेवारी, संध्याकाळी ७:४५

औषधाचं ठरलं असेल तर पंपाचं पण बोला कोणीतरी, कारण विचारणारा बागाईतदार आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, चूक माझीच. गव्हातल्या रुंद पानाच्या तणाला २,४-डी मारलं, पंप दोन पाण्याने खंगाळला आणि ठेवून दिला. पुढच्या आठवड्यात तोच पंप मेहुण्याने नेला, दोन ओळी राहिल्या होत्या म्हणून बागेत भुरीचं औषध मारलं. पाचव्या दिवशी शेंडे बघितले तर पानं पंख्यासारखी, शिरा जवळ जवळ आलेल्या, कडा दातेरी, देठ पिळवटलेले. मेहुणा काहीच बोलला नाही, नुसता ओळीत उभा राहून एक एक पान उलटं करून बघत होता, ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. द्राक्षाला २,४-डी चा थेंबही सोसत नाही. तेव्हापासून माझ्याकडे तणनाशकाचा पंप वेगळा, लाल रंग मारून ठेवलाय आणि तो कोणालाही उसना मिळत नाही, पाहुण्याला तर नाहीच.

दुसरं उलट बाजूचं. ही गव्हाची फवारणी करताना तुमची किंवा शेजाऱ्याची निर्यातीची बाग लागून असेल तर वारं बघा. आता माल तयार व्हायच्या अवस्थेत असेल, सॅम्पल जाणार, आणि बागेच्या यादीत नसलेल्या औषधाचा अंश घडावर निघाला तर कंटेनर अडकतो. बागेतला ट्रॅक्टरचा ब्लोअर गव्हात घालू नका, ढग उडतो नुसता. हातपंप, फार बारीक थेंब न उडवणारा नोझल, वारं बंद असताना, आणि बागेकडच्या चार पाच ओळी सोडल्या तरी चालतील.

द्राक्षमळा_पिंपळगाव
२८ जानेवारी, रात्री ९:१०

हे बरं सांगितलं, मी ब्लोअरच काढणार होतो. बाग पूर्वेला लागूनच आहे आणि सॅम्पल पुढच्या आठवड्यात. हातपंपानेच मारतो, संध्याकाळी वारं पडल्यावर.

एक शंका, हा रोग आला कुठून? माझ्या घरच्या बियातून आला का? चार वर्षं तेच बी आहे, वडील म्हणतात बी जुनं झालं की रोग धरतं. बीजप्रक्रिया पण केली होती थायरमची, मग ते फुकट गेलं का?

शेतकरीण_येवला
२८ जानेवारी, रात्री १०:३५

मी अॅग्री केलंय आणि सासरी गहू कांदा आहे म्हणून दोन्हीकडून बोलते.

तांबेरा बियातून येत नाही भाऊ. थायरमने बाकीचे रोग अडतात, पण तांबेऱ्याशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे फुकट नाही गेलं, कामच वेगळं होतं त्याचं. तांबेरा येतो वाऱ्यावरून. आपल्या उन्हाळ्यात तो शेतात जगूच शकत नाही, एप्रिल मेच्या उन्हात त्याचे बीजाणू मरतात. तो वर्षभर टिकतो तिकडे दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या डोंगरात, तिथे थंडावा असतो आणि गहू जवळपास वर्षभर कुठे ना कुठे उभा असतो. नोव्हेंबरात वादळं होतात, ढग येतात, त्यांच्याबरोबर ही पावडर उत्तरेकडे येते आणि पावसाच्या थेंबाबरोबर शेतात उतरते. के. सी. मेहता नावाच्या शास्त्रज्ञांनी हे डोंगरांचं गणित फार पूर्वी मांडलं. आपल्या राहुरी विद्यापीठाचं महाबळेश्वरला गहू गेरवा (म्हणजे तांबेरा) संशोधन केंद्र आहे ते ह्याच कामासाठी, लोक स्ट्रॉबेरी खाऊन येतात, शेजारी तांबेऱ्याचा अभ्यास चालतो हे कोणाला माहीतही नसतं.

म्हणजे येणारी पावडर तुम्ही थांबवू शकत नाही. तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत, ती उतरेल तेव्हा शेतात कुठला वाण उभा असेल आणि तो किती दिवसांचा असेल. २२ नोव्हेंबर म्हणजे उशिराच. बागायती वेळेवरची पेरणी १ ते १५ नोव्हेंबर धरतात. उशिराचा गहू निसवतो जानेवारीच्या शेवटी, दाणा भरतो फेब्रुवारी मार्चच्या उबेत, आणि तीच ऊब तांबेऱ्याला लागते, वर दाणाही बारीक राहतो. वेळेवरचा गहू ह्या सगळ्यातून आधीच निसटलेला असतो.

आता वाण. लोकवन म्हणजे मुळात लोक-१, लोक वन, गुजरातच्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेने काढलेला. चाळीस वर्षं झाली त्याला. दाणा टपोरा, पोळी मऊ, बाजारात नावावर विकला जातो, म्हणून सुटत नाही. पण बुरशी चाळीस वर्षं जागेवर थांबली नाही ना, तिच्या नवीन नवीन जाती येत राहतात आणि जुन्या वाणाचं कुलूप त्यांना उघडता येतं.

आपल्या निफाडच्या केंद्राने काढलेल्या वाणांची नावं बघा, त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी, नाशिक दर्शनच्या बसचे स्टॉप वाटतात 😄. तुम्हाला दरवर्षी सोयाबीनमुळे पेरणी मागेपुढे होणार असेल तर फुले समाधान, म्हणजे एनआयएडब्ल्यू १९९४ बघा. तो वेळेवर आणि उशिरा दोन्हीला शिफारशीत आहे आणि तांबेऱ्याला प्रतिकारक आहे. अगदी उशीर झाला तर एनआयएडब्ल्यू ३४. पाणी कमी असेल, पालखेड कालव्याचं आवर्तन एक दोनच मिळणार असेल तर नेत्रावती. गोदावरी आणि पंचवटी हे बन्सी गहू, शेवया, रवा, कुरडईला छान, रोजच्या पोळीला घरचे नाक मुरडतात.

सिन्नर_पाटपाणी
२९ जानेवारी, सकाळी ८:२०

समाधानची पोळी लोकवनसारखी लागत नाही ताई, मी खाल्लीये.

शेतकरीण_येवला
२९ जानेवारी, सकाळी ९:०५

काका आमच्या सासूबाई पण पहिल्या वर्षी असंच म्हणाल्या. दुसऱ्या वर्षी मी डबा बदलून दळून आणलं, सांगितलंच नाही, कोणी काही बोललं नाही. सांगितल्यावर परत वेगळी लागायला लागली.

पण खरंच सोडवत नसेल तर अर्धा एकर लोकवन ठेवा, १० नोव्हेंबरच्या आत पेरा, बाकी एकर समाधान लावा. सगळं शेत एकाच वाणाचं नसलं की तांबेरा आला तरी सगळीकडे सारखा पसरत नाही. एक सांगून ठेवते, प्रतिकारक म्हणजे कायमचा विमा नाही. एखादं वर्ष ठिपके दिसतील, पण वाढणार नाहीत. चक्कर मारणं सोडायचं नाही.

निळापंप
२९ जानेवारी, दुपारी १२:४०

बरं, युरियाचं मागे घेतो 🙏

द्राक्षमळा_पिंपळगाव
१३ फेब्रुवारी, रात्री ८:५०

उशिरा लिहितोय, बागेचं सॅम्पल आणि छाटलेल्या मालाची गडबड होती. सॅम्पल क्लिअर झालं.

२९ ला संध्याकाळी फवारलं, प्रोपिकोनॅझोल, दीड एकराला २० पंप बसले, गडी वैतागला होता पण मी मोजत बसलो. बागेकडच्या पाच ओळी सोडल्या. आता आज चौदा पंधरा दिवस झाले, आणि त्या सोडलेल्या ओळींमुळेच मला कळलं की औषधाने काय केलं, नाहीतर कळलं नसतं. फवारलेल्या भागात खालचे जुने ठिपके काळपट होऊन वाळलेत, वरचं पान हिरवं, रुमाल ओढला तर जवळपास कोरा. सोडलेल्या पाच ओळींचं वरचं पान निम्मं केशरी, लांबून पट्टा दिसतो, काल माझा पोरगा म्हणाला पप्पा तिकडे हळद टाकली का. ओंब्या आता चिकात आहेत, दाबलं की दूध येतं.

शेजाऱ्यांनी १२ नोव्हेंबरला पेरलेला, कुठलासा निफाडचाच वाण, त्याला शोधून शोधून चार ठिपके सापडले आणि त्यांनी एक थेंब मारलेला नाही. ते बघून जरा वाईट वाटलं.

दुसरी फवारणी करू का? आणि समाधानचं बी कधी घ्यायचं?

कुंदेवाडी_शेजारी
१३ फेब्रुवारी, रात्री ९:३०

दुसरी नको. रुमाल कोरा आहे, हवा पण कोरडी झालीये, आता पाणी वेळेवर द्या, दाणे भरायच्या वेळी ताण पडू देऊ नका आणि वारं असेल त्या दिवशी बारं देऊ नका, लोळेल. सोडलेल्या ओळींचा गहू वेगळा काढा आणि एक डबा भरून दोन्हीचं वजन करा, मलाही बघायचंय.

बी रब्बीच्या आधी आमच्या इथल्या केंद्रात मिळतं, महाबीजकडे पण बघा, पण ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच या, दिवाळीनंतर आलात तर रिकामी गोणी घेऊन परत जाल. एकराला ४० किलो धरा, उशीर होणार असेल तर ५०.

निळापंप
१३ फेब्रुवारी, रात्री १०:१५

मंडळी हसू नका. आज सहज म्हणून माझ्या गव्हात रुमाल फिरवला. पूर्ण केशरी. मी ४ डिसेंबरला पेरलाय आणि युरिया दोनदा झालाय. फवारू का?

सिन्नर_पाटपाणी
१३ फेब्रुवारी, रात्री १०:२२

आधी वरच्या पानाचा फोटो टाका आणि ओंबी पोटरीत आहे की चिकात ते सांगा. आणि उद्या पॅन्ट कुठल्या रंगाची घालताय?